कशानंतर काय? – वर्तनाच्या नोंदी आणि संगणक

बालवाडीत मोकळ्या खेळाची वेळ आहे आणि एक निरीक्षक कोपऱ्यात बसून दोन मुलींच्या नोंदी घेतो आहे, अशी कल्पना करू. दर पंधरा सेकंदांनी तो घड्याळ पाहतो आणि प्रत्येकीच्या नावापुढे एक खूण लिहितो. मुलगी एकटीच खेळत असेल तर 'ए'. इतर मुलांच्या शेजारी, त्यांच्यासारख्याच वस्तू घेऊन, पण आपले आपण खेळत असेल तर 'स', म्हणजे समांतर खेळ. इतरांबरोबर मिळून खेळत असेल तर 'ग', म्हणजे गटातला खेळ. तीन मिनिटांनी त्याच्या कागदावर अशा दोन ओळी तयार होतात :

पहिली मुलगी : ए स ग ए स ग ए स ग ए स ग

दुसरी मुलगी : ए ग स ए ग स ए ग स ए ग स

आता नेहमीप्रमाणे बेरीज करू. पहिली मुलगी चार वेळा एकटी, चार वेळा समांतर, चार वेळा गटात. दुसरीचेही तेच. टक्केवारी काढा, स्तंभालेख काढा, दोघींत काडीचा फरक दिसणार नाही. प्रगतिपुस्तकात लिहायची वेळ आली तर दोघींबद्दल एकच वाक्य लिहावे लागेल. पण त्या ओळी पुन्हा एकदा डावीकडून उजवीकडे वाचा. पहिली मुलगी शेजारी जाऊन बसली की पुढच्या नोंदीत ती गटात असते, चारांपैकी चारही वेळा. दुसरी गटातून उठून शेजारी येते आणि तिथून एकटी होते; तिच्या 'स' नंतर 'ग' एकदाही आलेला नाही. एकीसाठी समांतर खेळ हा आत जाण्याचा दरवाजा आहे, दुसरीसाठी बाहेर पडण्याचा. खरी मुले इतकी शिस्तीत वागत नाहीत हे तुम्हाला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. पण बेरीज करताना आपण काय गमावतो ते या बनावट ओळींतूनही कळते.

वर्तनाचा अभ्यास करताना 'किती' हा एक प्रश्न असतो आणि 'कशानंतर काय' हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या रीतीला क्रमविश्लेषण म्हणतात. ही आकडेमोड हातानेही करता येते, पण ती लवकरच इतकी वाढते की संगणकाची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. या आज्ञावल्या काय करतात, काय करू शकत नाहीत, आणि शिक्षकाला त्यांच्याशी काय देणेघेणे आहे, ते या लेखात पाहू.

नुसत्या बेरजा निरुपयोगी असतात असे मात्र कोणी समजू नये. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर आणि एन. व्ही. जोशी यांनी १९८३ मध्ये गांधीलमाश्यांच्या एका जातीवर जो शोधनिबंध प्रसिद्ध केला तो वेळेच्या हिशेबावरच उभा होता. एकेक माशी कोणत्या कामात किती वेळ घालवते हे मोजल्यावर माश्यांचे तीन गट पडले : नुसत्या बसून राहणाऱ्या, भांडणाऱ्या आणि बाहेर हिंडून अन्न आणणाऱ्या. गंमत म्हणजे राणीमाशी भांडणाऱ्यांत नव्हे, तर बसणाऱ्यांत सापडली. तेव्हा 'किती' या प्रश्नालाही आपली जागा आहेच. मात्र दोन जीव एकमेकांशी कसे वागतात हे विचारायचे असेल, तर क्रमाला हात घालावा लागतो. कारण संवाद म्हणजेच एकाच्या करण्यानंतर दुसऱ्याचे करणे.

शेजारी बसलेले मूल

आपल्या दोन मुलींच्या उदाहरणामागे खरा इतिहास आहे. मिल्ड्रेड पार्टेन या संशोधिकेने अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या बालवाडीत मुलांचे निरीक्षण करून १९३२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकेका मुलाकडे एका वेळी एक मिनिट पाहायचे आणि ते इतरांत किती मिसळले आहे हे सहा प्रकारांपैकी एका प्रकारात बसवायचे, अशी त्यांची पद्धत होती. समांतर खेळ ही संज्ञा त्यांच्याच यादीतून आली. वय वाढते तसा एकट्याचा आणि समांतर खेळ कमी होतो आणि मिळून खेळणे वाढते, असे बेरजांवरून दिसले. पुढे पाठ्यपुस्तकांनी या प्रकारांची एक शिडीच करून टाकली : आधी एकटे, मग शेजारी, मग गटात. शिडी म्हटली की खालच्या पायरीवरचे मूल मागे पडलेले ठरते. चार वर्षांचे मूल इतरांच्या बाजूला बसून आपले आपण ठोकळे रचत असेल, तर ते 'अजून मिसळत नाही' असा शेरा मिळण्याचा धोका तिथून सुरू झाला.

अटलांटा येथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठातील रॉजर बेकमन आणि ब्राउनली यांनी १९८० मध्ये या शिडीकडे वेगळ्या नजरेने पाहिले. तीन वर्षांच्या मुलांच्या मोकळ्या खेळाचे व्हिडिओ चित्रण पाहून त्यांनी दर पंधरा सेकंदांना एक खूण केली. मग प्रत्येक मुलाच्या खुणांची ओळ घेऊन त्यांनी विचारले, समांतर खेळानंतर गटातला खेळ किती वेळा येतो? केवळ योगायोगाने जितका यावा त्यापेक्षा अधिक येतो का? बहुतेक मुलांच्या बाबतीत उत्तर 'होय' असे आले. म्हणजे समांतर खेळ ही काही महिने रेंगाळण्याची पायरी नसून ती काही मिनिटांची युक्ती असू शकते. मूल आधी शेजारी जाऊन बसते, तेच खेळणे हातात घेते, अंदाज घेते आणि मग आत सरकते. मोठी माणसेही पत्त्यांचा डाव रंगला असेल तर आधी मागे उभी राहून पाने बघतात आणि भिडू उठला की जागा धरतात, हे आपण पाहतोच.

इथे निरीक्षणाची सामग्री पूर्वीसारखीच होती. तशीच मुले, साधारण तसेच प्रकार. बदलला तो फक्त कागद वाचण्याचा क्रम. आणि त्यामुळे बाजूला बसलेल्या मुलाबद्दलचा शेराच बदलला.

योगायोगापेक्षा अधिक म्हणजे किती?

'योगायोगाने यावे त्यापेक्षा अधिक' हे शब्द आपण सहज वापरले, पण सगळे गणित त्यातच आहे. ते नवे नाही. रशियन गणितज्ञ आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९१३ मध्ये पुश्किन यांच्या 'यव्गेनी अन्येगिन' या काव्याची पहिली २०,००० अक्षरे घेतली आणि त्यांतील स्वर व व्यंजने हाताने मोजली. स्वर निघाले ८,६३८, म्हणजे शंभरात सुमारे ४३. आता अक्षरे एकमेकांपासून स्वतंत्र असती, तर एखाद्या स्वरानंतरही शंभरात ४३ वेळाच स्वर यायला हवा होता. पण स्वरानंतर लगेच स्वर आला तो फक्त १,१०४ वेळा, म्हणजे शंभरात १३ वेळा. व्यंजनानंतर मात्र स्वर शंभरात ६६ वेळा आला. आधी काय आले यावर पुढे काय येणार हे अवलंबून होते. अक्षरांच्या जागी मुलाच्या कृती ठेवा, की क्रमविश्लेषणाचा सांगाडा तयार होतो.

हेच आता वर्गातील उदाहरणाने करू. बी.एड. करताना फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषण पद्धत आपल्यापैकी अनेकांनी परीक्षेपुरती पाठ केली असेल. नेड फ्लँडर्स यांनी वर्गातील बोलण्याचे दहा प्रकार केले. पहिले सात शिक्षकाच्या बोलण्याचे : भावना स्वीकारणे, शाबासकी, मुलांच्या कल्पना स्वीकारून पुढे नेणे, प्रश्न, व्याख्यान, सूचना आणि टीका. आठवा प्रकार मुलांनी विचारल्यावर दिलेल्या उत्तराचा, नववा त्यांनी स्वतःहून बोलण्याचा आणि दहावा शांतता वा गोंधळाचा. दर तीन सेकंदांनी एक आकडा लिहायचा. चाळीस मिनिटांच्या तासात असे ८०० आकडे होतात. अमेरिकन वर्गांत त्यांना आढळले की सुमारे दोन तृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असते आणि त्याच्या दोन तृतीयांश वेळ शिक्षकच बोलतात. हा भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण फ्लँडर्स यांनी एवढ्यावर न थांबता लागोपाठच्या आकड्यांच्या जोड्या करून दहा ओळी आणि दहा स्तंभांचे कोष्टक भरायला सांगितले होते. तीच पद्धतीतली खरी गोम. '४' नंतर '८' आले तर चौथ्या ओळीत, आठव्या स्तंभात एक काडी. परीक्षेच्या वहीत हे कोष्टक बहुधा रिकामे राहते, कारण ते भरणे कंटाळवाणे असते. आणि भरल्यावर त्याचे काय करायचे हेही फारसे कोणी सांगत नाही.

काय करायचे ते असे. समजा, एका तासातील चर्चेच्या भागातून २०० जोड्या मिळाल्या. त्यांत '३', म्हणजे शिक्षकाने मुलाची कल्पना उचलून पुढे नेणे, हे ४० जोड्यांत पहिल्या जागी आहे. '९', म्हणजे मुलाने आपणहून बोलणे, हे ३० जोड्यांत दुसऱ्या जागी आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसता, तर '३ नंतर ९' ही जोडी किती वेळा यावी? ४० गुणिले ३० भागिले २००, म्हणजे ६ वेळा. प्रत्यक्षात कोष्टकात ती १४ वेळा आहे असे समजू. आठचा फरक मोठा म्हणायचा की किरकोळ? त्यासाठी तो फरक अपेक्षित चढउताराच्या मापाने भागतात. अपेक्षित संख्या ६. पहिल्या जागी '३' नसण्याचे प्रमाण ०.८, दुसऱ्या जागी '९' नसण्याचे प्रमाण ०.८५. यांचा गुणाकार ४.०८ आणि त्याचे वर्गमूळ २.०२. आठला २.०२ ने भागले की ३.९६ येतात. संबंध नसताना हा भागाकार उणे किंवा अधिक १.९६ च्या पलीकडे जाण्याचा योग साधारण वीसांत एकदाच येतो. ३.९६ हा आकडा त्याच्या दुप्पट आहे. तेव्हा मुलाचे म्हणणे उचलून धरल्यानंतर या वर्गातील मुले आपणहून अधिक बोलतात, असे म्हणायला आधार मिळाला. (आकडे काल्पनिक आहेत, हे पुन्हा सांगतो. रीत मात्र खरी आहे.)

ही झाली एक पायरी पुढची जोडी. एक खूण मध्ये सोडून तिच्या पुढची पाहिली, तर दुसरे काही दिसते. शिक्षकाचा प्रश्न, मुलाचे उत्तर, शिक्षकाचे 'बरोबर' हा वर्गातला जुना ठेका आहे. त्यात प्रश्नाचे नाते पुढच्या खुणेशी, म्हणजे उत्तराशी असतेच, पण त्याच्या पुढच्या 'बरोबर'शीही असते. दोन पायऱ्यांवर पाहिले नाही तर हा ठेका कोष्टकात उमटत नाही.

आज्ञावली काय करते

एका तासाचे कोष्टक पेन्सिलने भरता येते. तीस तासांची, एक-दोन-तीन पायऱ्यांवरची कोष्टके, प्रत्येक घराची अपेक्षित संख्या आणि तो भागाकार, हे हाताने करायला बसणारा माणूस मधेच उठून जाईल. म्हणून वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांनी आपापल्या आज्ञावल्या लिहिल्या. अडचण अशी झाली की प्रत्येकाची नोंद लिहिण्याची तऱ्हा वेगळी, त्यामुळे एकाची सामग्री दुसऱ्याच्या आज्ञावलीत चालेना. बेकमन आणि बार्सिलोना विद्यापीठातील विसेन्स केरा यांनी यावर उपाय म्हणून आधी नोंदींची एक समाईक भाषा ठरवली. तिचे नाव एसडीआयएस. तिच्यात लिहिलेल्या नोंदी वाचून उत्तरे देणारी आज्ञावली म्हणजे जीएसईक्यू. या दोन्हींचे सविस्तर वर्णन करणारे त्यांचे पुस्तक १९९५ मध्ये केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने काढले.

या भाषेतील फाईल अगदी साधी असते, संगणकावरच्या कोणत्याही टिपणवहीत टंकलिखित करता येईल अशी. सुरुवातीला नोंदी कोणत्या प्रकारच्या आहेत आणि खुणा कोणत्या हे सांगायचे, मग खुणा ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने लिहायच्या. नोंदींचे पाच प्रकार चालतात, पण शिक्षकाने तीन ओळखले तरी पुरे. नुसता क्रम लिहिणे हा पहिला. प्रत्येक खुणेची सुरुवात आणि शेवट यांची वेळही लिहिणे हा दुसरा. आणि ठरावीक अंतराने, म्हणजे दर तीन किंवा पंधरा सेकंदांनी खूण करणे हा तिसरा.

प्रकार कोणता निवडला याला फार महत्त्व आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण वर्गातच आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून १९७४ मध्ये दाखवले की प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक उत्तरासाठी सरासरी फक्त एक सेकंद थांबतात. एवढ्यात उत्तर आले नाही की ते प्रश्न पुन्हा विचारतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. हा थांबा तीन सेकंद किंवा त्याहून अधिक केल्यावर मुलांची उत्तरे लांब झाली, उत्तरच न देण्याचे प्रकार कमी झाले आणि मुले स्वतः अधिक प्रश्न विचारू लागली. आता फ्लँडर्सची जाळी आठवा. दर तीन सेकंदांनी एक आकडा! एक सेकंदाची शांतता त्या जाळीतून सहज निसटते. म्हणजे जी गोष्ट वर्गातल्या विचाराला सर्वांत पोषक ठरली, ती या पद्धतीने नोंदवलेल्या कागदावर जवळजवळ दिसणारच नाही, मग त्यावर कितीही चांगली आज्ञावली चालवा. वेळेसह नोंदी असतील तर मात्र जीएसईक्यूला सांगता येते की, 'शिक्षकाचा प्रश्न संपल्यापासून पुढच्या तीन सेकंदांची एक खिडकी धर आणि त्या खिडकीत शिक्षक पुन्हा बोलू लागला का ते मोज.' आज्ञावलीचा खरा उपयोग असे नेमके प्रश्न विचारता येण्यात आहे, असे आम्हाला वाटते. वेग ही त्यानंतरची गोष्ट.

व्हिडिओ पाहता पाहता कळ दाबून वेळेसह खूण करण्यासाठी वेगळ्या आज्ञावल्या असतात. नेदरलँड्समधील नोल्डस कंपनीची 'ऑब्झर्व्हर' जुनी आणि विकतची. इटलीतील तुरिन विद्यापीठाच्या ऑलिव्हिएर फ्रियार आणि मार्को गांबा यांची 'बोरिस' विनामूल्य आहे आणि तिचे वर्णन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. प्राण्यांच्या अभ्यासासाठी केलेली असली तरी ती वर्गाच्या किंवा खेळाच्या चित्रणालाही चालते.

खेळण्यावरून भांडण

वेळेसह नोंदी असल्या की काय कळू शकते, याचा एक नमुना इथे द्यायलाच हवा. १९८२ मध्ये बेकमन आणि ब्राउनली यांनी मुलांच्या खेळणी हिसकावण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक मूल दुसऱ्याच्या हातातले खेळणे घेऊ पाहते, अशा प्रत्येक प्रसंगी त्यांनी तीन गोष्टी पाहिल्या. घेणाऱ्याच्या हातात ते खेळणे आदल्या एका मिनिटात होते का? ज्याच्या हातात आहे त्याने विरोध केला का? आणि शेवटी खेळणे कोणाला मिळाले?

नुकतेच चालू लागलेल्या लहानग्यांत असे दिसले की जे मूल ते खेळणे थोड्याच वेळापूर्वी खेळत होते, त्याला ते परत मिळण्याचा संभव अधिक. बालवाडीच्या वयाच्या मुलांत याशिवाय आणखी एक गोष्ट दिसली. समोरच्याच्या हातात ते खेळणे आत्ताच होते, अशा वेळी खेळणे धरून बसलेले मूल विरोधच कमी करत होते. 'आधी माझ्याकडे होते' हा हक्क जणू दोन्ही बाजूंना मान्य! नियम कोणी शिकवला, कसा रुजला हे या कोष्टकांवरून सांगता येत नाही. पण शिक्षिका तिथे पोचते तेव्हा तिला फक्त शेवटचा प्रसंग दिसतो. एक मूल ओढते आहे आणि दुसरे रडते आहे. आदल्या मिनिटाची ओळ तिच्यापुढे नसते, आणि 'हिसकावणारा' हा शिक्का मात्र तिथल्या तिथे बसतो.

दोन निरीक्षक, एक वर्ग

संगणक खुणा मोजतो. खूण करणारा माणूस असतो. एका शिक्षकाला जी 'टीका' वाटते, ती दुसऱ्याला 'सूचना' वाटेल. म्हणून एकच चित्रण दोघांनी एकमेकांचे न पाहता नोंदवायचे आणि किती जुळते ते पाहायचे, असा दंडक आहे. इथे एक मजेदार फसगत होते. समजा, शंभर नोंदींपैकी ९० जुळल्या. छान वाटते. पण त्या तासात व्याख्यानच फार होते आणि दोघांनीही ९० वेळा 'व्याख्यान' व १० वेळा 'इतर' अशी खूण केली होती. अशा वेळी दोघांनी डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी शंभरात ८२ जुळल्या असत्या (०.९ × ०.९ आणि ०.१ × ०.१ यांची बेरीज ०.८२). म्हणजे योगायोगाच्या वर मिळवण्यासारखे होते १८ आणि त्यांनी मिळवले ८. आठ भागिले अठरा म्हणजे ०.४४. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेला हा आकडा 'कप्पा' म्हणून ओळखला जातो. ९० टक्के जुळणीचा हा खरा भाव! खुणांच्या व्याख्या पुन्हा घासून घेतल्याशिवाय या नोंदींवर पुढचे गणित करू नये.

आता यंत्रालाच खूण करू द्यावी, असा विचार मनात येईल. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली 'डीपलॅबकट' नावाची आज्ञावली चित्रणातील प्राण्याचे नाक, पंजे, शेपूट यांचा ठावठिकाणा चौकटीगणिक सांगते, आणि उंदरांच्या वगैरे अभ्यासात त्यामुळे फार मोठे काम हलके झाले आहे. पण हात पुढे झाला तो देण्यासाठी की ओढण्यासाठी, हे ठरवायचे तर 'देणे' म्हणजे काय याची व्याख्या माणसालाच करावी लागते.

आणखी काही खाचखळगे आहेत. शिक्षकाने मनगटावरचे घड्याळ पाहिले की थोड्याच वेळात घंटा होते. कोष्टकात ही जोडी ठळक येईल, पण घड्याळ पाहिल्याने घंटा होत नाही. नंतर आले म्हणजे त्यामुळे आले असे नव्हे. दुसरे म्हणजे दहा खुणा असतील तर जोड्यांची घरे शंभर, पण तीन खुणांच्या साखळ्यांची घरे हजार. एका तासाच्या ८०० नोंदी त्यांत पसरल्या तर बहुतेक घरे रिकामी राहतील आणि एखाद-दुसऱ्या काडीवरून भलते निष्कर्ष निघतील. खुणा कमी ठेवाव्यात, पाच-सहा पुष्कळ झाल्या. तिसरे, सगळ्या मुलांच्या ओळी एकत्र करून कोष्टक भरले तर चार बडबडी मुलेच सारे कोष्टक भरून टाकतात आणि निष्कर्ष मात्र 'वर्गाचा' म्हणून छापला जातो. बेकमन आणि ब्राउनली यांनी प्रत्येक मुलाची ओळ वेगळी पाहिली ती यासाठीच.

फ्लँडर्सची कोष्टके शिक्षकाला गुण देण्यासाठी वापरावीत, असे मधूनमधून सुचवले जाते. आमचे मत याच्या विरुद्ध आहे. आपण मोजले जात आहोत हे कळल्यावर '३' चा आकडा वाढवणे कोणालाही जमेल. 'छान, रमेश काय म्हणाला पाहा' असे तासाला वीस वेळा म्हटले की झाले. शिक्षकाने स्वतःच्या तासाची ध्वनिफीत स्वतः ऐकून स्वतःसाठी कोष्टक भरावे, यात मात्र पुष्कळ शिकण्यासारखे आहे. मुलांचे चित्रण करायचे असेल तर पालकांची संमती आधी घ्यावी, आणि ते काम संपल्यावर पुसून टाकावे.

करून पाहण्यासाठी

मोठ्या वर्गातील विद्यार्थ्यांना ही रीत शिकवायची तर सुरुवात कोंबड्यांपासून करावी. अंगणात चरणाऱ्या दोन कोंबड्या निवडाव्यात आणि पाच खुणा ठरवाव्यात : टिपणे, उकरणे, चालणे, पिसे साफ करणे आणि मान वर करून पाहणे. खुणांच्या व्याख्या फळ्यावर लिहून त्यांवर आधी वाद घालू द्यावा. 'उकरणे' कुठे संपते आणि 'टिपणे' कुठे सुरू होते यावरच पंधरा मिनिटे जातील, आणि ती जाऊ द्यावीत. मग प्रत्येक कोंबडीला दोन निरीक्षक, आणि एक विद्यार्थी दर पाच सेकंदांनी 'आता' म्हणणारा. दहा मिनिटांत प्रत्येकाच्या १२० नोंदी होतात. त्याच कोंबडीच्या दोन्ही निरीक्षकांचा कप्पा आधी काढावा.

कोष्टक कागदावर भरता येते किंवा शाळेतल्या संगणकावरच्या साध्या तक्त्यात. पहिल्या स्तंभात खुणा एकाखाली एक लिहायच्या, दुसऱ्या स्तंभात त्याच खुणा एक ओळ वर सरकवून चिकटवायच्या. आता प्रत्येक ओळीत एक जोडी तयार असते आणि कोणती जोडी किती वेळा आली हे तक्ता स्वतः मोजून देतो. लागोपाठ सारख्याच खुणा, जसे 'टिपणे–टिपणे', भरपूर येतील, कारण पाच सेकंदांत कोंबडीला नवे काही सुचत नाही. अशा जोड्या गाळल्या तर वर सांगितलेला अपेक्षित संख्येचा हिशेब तसाच्या तसा लागू पडत नाही, तेव्हा पहिल्या खेपेला त्या राहू द्याव्यात.

हे जमले की दुसऱ्या स्तंभात त्याच कोंबडीऐवजी शेजारच्या कोंबडीची पुढची खूण ठेवून पाहावी. एकीने मान वर केली की पाच सेकंदांनी दुसरी मान वर करते का, आणि अपेक्षेपेक्षा अधिक वेळा करते का? उत्तर काढताना दोघी एकाच तिसऱ्या गोष्टीकडे पाहत नव्हत्या ना, हे तपासावे लागेल. त्यासाठी एका विद्यार्थ्याला कोंबड्यांकडे न पाहता फक्त आजूबाजूला पाहायला बसवावे, आणि घार फिरकली, कुत्रे आले किंवा फाटक वाजले तर त्याने त्याची वेळ त्याच घड्याळावर टिपावी.